पेटीचा नंबर आणि पट्टीचा नंबर : छोट्या डेटाबेसमधले ओळख क्रमांक

मागच्या दोन व्याख्यानांत आपण टेबल म्हणजे काय आणि क्वेरी कशी लिहायची ते पाहिलं. आजचा विषय त्यामानाने अगदी किरकोळ वाटेल. आपल्याला हवा तसा ओळख क्रमांक डेटाबेसकडून कसा तयार करून घ्यायचा, एवढाच. पण आमचा अनुभव असा, की छोट्या व्यवसायाचा डेटाबेस बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

डेटाबेस म्हणजे इथे एका मशीनवर, फार तर ऑफिसातल्या तीन-चार मशीनवर चालणारा. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस डोळ्यांसमोर ठेवू, कारण रत्नागिरीत बऱ्याच जणांकडे तोच आहे. जिथे लिब्रेऑफिस बेस वेगळं वागतं तिथे तसं सांगू. शब्दांकन वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. फंक्शनची नावं आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. मशीनवर ती रोमनमध्ये आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची आहेत.

उदाहरण आपलंच घेऊ. पावस, गणेशगुळे, नेवरे, जयगड इथल्या बागायतदारांकडून हापूस गोळा करून पेट्या भरणारा एक व्यापारी धरा. प्रत्येक पेटीवर नंबर टाकायचा. माल वाशीला जातो, तिथून अडत्याची पट्टी येते, त्या पट्टीवरून प्रत्येक बागायतदाराचा हिशेब होतो. अमुक नंबरच्या पेट्या अमुक भावाने गेल्या, तमुक नंबरची डागी निघाली. आता नंबरात एका आकड्याची अदलाबदल झाली, तर पावसच्या माणसाचे पैसे नेवऱ्याच्या माणसाच्या खात्यात जातात, आणि डागी माल भलत्याच्याच नावावर लागतो. वर्षातून दोन-अडीच महिने पैसा दिसतो अशा धंद्यात ही गोष्ट साधी नाही. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून 'ही पेटी नेमकी कोणाच्या बागेतली' हा प्रश्न गिऱ्हाईकही विचारू लागलं आहे, आणि त्याचं उत्तर शेवटी त्या नंबरातूनच द्यावं लागतं.

आता नंबर तयार करायला बसलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? टेबलात ऑटोनंबर नावाची सोय असते, ती घेतो. नवीन नोंद केली की १, २, ३ असे आकडे आपोआप पडतात. मग त्याला वाटतं, नुसता १ बरा दिसत नाही, 'एचबी-००००१' असं दिसायला हवं. तो त्या फील्डच्या फॉरमॅट प्रॉपर्टीत जातो, अवतरणचिन्हांत "एचबी-" लिहितो आणि पुढे पाच शून्यं देतो. लगेच पडद्यावर एचबी-००००१, एचबी-००००२ अशी सुंदर रांग उभी राहते. काम झालं असं वाटतं.

काम झालेलं नाही. फॉरमॅट ही फक्त दाखवण्याची तऱ्हा आहे. टेबलात साठवलेला आकडा अजूनही १ च आहे. चष्म्याची काच रंगीत केली म्हणून भिंत रंगत नाही, तसंच हे. हिशेब लिहिणारी मुलगी क्वेरीत "एचबी-००००१" अशी अट घालते आणि ॲक्सेस म्हणतं, डेटा टाइप जुळत नाही. तीच माहिती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून लेबलं छापणाऱ्याकडे पाठवली तर तिथे नुसता १ छापून येतो. पडद्यावर एक नंबर, पेटीवर दुसरा. हा गोंधळ हंगामाच्या मध्यावर लक्षात आला तर तो निस्तरायला वेळ कोणाकडे असतो?

ऑटोनंबरची दुसरी खोड अशी, की त्याच्या क्रमात भोकं पडतात. नवीन नोंद लिहायला सुरुवात केली, चार अक्षरं टाइप झाली आणि एस्केप दाबलं, की तो आकडा गेला. पुढच्या नोंदीला त्याच्या पुढचा मिळतो. ही चूक नाही. ऑटोनंबरचं काम एवढंच, की दोन नोंदी एकमेकींपासून वेगळ्या राहाव्यात. सलग राहाव्यात असं वचन त्याने कधी दिलेलंच नाही. म्हणून आमचा सल्ला असा, की ऑटोनंबर जरूर ठेवावा, टेबलं एकमेकांना जोडण्यासाठी तोच वापरावा, पण तो माणसांना दाखवू नये. घरातलं लाडाचं नाव घरातच असावं. दाखल्यावरचं नाव वेगळं.

दाखल्यावरचं नाव, म्हणजे बाहेरचा नंबर, आता आपण घडवायचा. त्याआधी त्यात काय घालायचं ते ठरवू. माणसांची हौस इथे उतू जाते. गावाचा कोड, बागायतदाराचा मार्का, आंब्याची प्रत, तारीख, पेटीतले डझन, सगळं नंबरात कोंबायचं असतं. नंबर बघितला की सगळं कळलं पाहिजे म्हणतात.

याबाबत आमचं मत ठाम आहे. जे बदलू शकतं ते नंबरात घालू नये. मार्का बदलतो. भागीदारी मोडते. वडिलांच्या नावावरची कलमं मुलाच्या नावावर होतात. प्रत तर पेटी उघडून पुन्हा भरली की बदलते. जिल्हासुद्धा बदलतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. १९८० साली एखाद्या कचेरीने आपल्या नंबरांत रत्नागिरीचा कोड घातला असता, तर पुढच्या वर्षी कुडाळ, मालवण, सावंतवाडीच्या सगळ्या नोंदींच्या कपाळावर चुकीचा जिल्हा राहिला असता. बदलावा तर जुने कागद जुळत नाहीत, न बदलावा तर नंबर खोटं बोलतो.

याउलट आपला पिन कोड पाहा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे जाणकार लेखकही होते. रत्नागिरीचा पिन ४१५६१२, चिपळूणचा ४१५६०५. आता सातारा शहराचा बघा, ४१५००१. पहिले तीन आकडे तेच. आणि राजापूर, जे रत्नागिरी जिल्ह्यातच आहे, त्याचा मात्र ४१६७०२, म्हणजे कोल्हापूरच्या ४१६००१ च्या जातीचा. हे विचित्र वाटतं, कारण आपण पिनमध्ये जिल्हा शोधत असतो. पिन टपालाच्या छाननीची वाट सांगतो. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. महसुली नकाशाबद्दल तो काहीच कबूल करत नाही. नंबराने एकच गोष्ट सांगावी आणि ती नेमकी सांगावी, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

तर आपल्या पेटीच्या नंबरात दोनच गोष्टी ठेवू, वर्ष आणि त्या वर्षातला क्रम. २०२५ सालची १३७ वी पेटी म्हणजे २५-००१३७.

वर्ष म्हणजे कोणतं वर्ष, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत दोन ओळींत संपतो. रत्नागिरीत तो संपत नाही. हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला बदलतं आणि आंब्याचा हंगाम बरोबर त्या तारखेवर दोन्ही पाय टाकून उभा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघतात आणि मे अखेरपर्यंत चालतात. पेटीचा नंबर आर्थिक वर्षावर बेतला तर ३१ मार्चला ४,००० च्या घरात गेलेली मालिका १ एप्रिलला पुन्हा १ वर येते. एकाच हंगामात, एकाच खोलीत, दोन मालिकांच्या पेट्या शेजारी शेजारी. हमाल काय करेल? म्हणून पेटीला इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष लावावं. हापूसचा अख्खा हंगाम त्यात मावतो.

बिलाचं मात्र उलट आहे. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी नियमांतला ४६ वा नियम सांगतो, की बिलाचा क्रमांक सलग असावा, सोळा अक्षरांहून मोठा नसावा आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही हे खरं. पण डबाबंद आमरस विकलात तर आहे. आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याने करमुक्त मालासाठी जे 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं, त्यालाही ४९ व्या नियमात क्रमांकाची हीच अट आहे. सोळा अक्षरं किती लवकर संपतात ते मोजून बघा. दोन रोमन अक्षरं, तिरकी रेघ, २०२४-२५, पुन्हा तिरकी रेघ, पुढे पाच आकडे. झाली सोळा, एकही शिल्लक नाही. दुकानाचं पूर्ण नाव त्यात घालायची इच्छा असेल तर सोडून द्या.

तेव्हा एकाच डेटाबेसमध्ये दोन मालिका. पेटीची मालिका कॅलेंडर वर्षाची, तिच्यात भोक पडलं तरी चालेल. बिलाची मालिका आर्थिक वर्षाची, तिच्यात भोक चालत नाही. बिल रद्द झालं तर नोंद पुसायची नाही, 'रद्द' असा शेरा मारून ठेवायची. तारखेवरून आर्थिक वर्ष काढायची सोपी युक्ती अशी, की तारखेतून तीन महिने वजा करा आणि उरलेल्या तारखेचं साल घ्या. ३१ मार्च २०२५ मधून तीन महिने गेले की ३१ डिसेंबर २०२४, म्हणून साल २०२४. १ एप्रिल २०२५ चा होतो १ जानेवारी २०२५, म्हणून साल २०२५. ॲक्सेसमध्ये हे इयर आणि डेटॲड या दोन फंक्शनांत होतं.

आता प्रत्यक्ष बांधणी. टेबलात दोन फील्ड करा, [वर्ष] आणि [क्रम]. दोन्ही संख्या. जोडलेला नंबर टेबलात साठवू नका, तो क्वेरीत बनवा:

[वर्ष] & "-" & फॉरमॅट([क्रम], "०००००")

हे फॉरमॅट फंक्शन आहे, मघाची फॉरमॅट प्रॉपर्टी नव्हे. नाव एक, स्वभाव निराळा. प्रॉपर्टी नुसती दाखवते. फंक्शन खरोखरचा मजकूर बनवून हातात देतं. तो मजकूर लेबलावर जातो, फाइलमध्ये जातो, त्यावर शोधही घेता येतो.

पुढचा क्रम मिळवायला डीमॅक्स:

एनझेड(डीमॅक्स("क्रम", "पेट्या", "वर्ष = " & [वर्ष]), ०) + १

त्या वर्षातला सर्वांत मोठा क्रम शोध आणि त्यात एक मिळव, एवढाच अर्थ. एनझेड कशाला? वर्षाची पहिलीच पेटी असेल तेव्हा डीमॅक्सला काहीच सापडत नाही, ते 'नल' परत देतं, आणि नलमध्ये एक मिळवला तरी नलच राहतो. एनझेड त्याचं शून्य करतं. दरवर्षी पहिल्या पेटीला नंबरच पडत नाही, अशी तक्रार आली की समजावं, एनझेड राहिला.

हे सूत्र कुठे ठेवायचं यावर बरंच अवलंबून आहे. फॉर्मला 'बिफोर इन्सर्ट' आणि 'बिफोर अपडेट' अशा दोन घटना असतात. पहिली, नव्या नोंदीत पहिलं अक्षर टाइप होताच घडते. दुसरी, नोंद साठवण्याच्या अगदी आधी. नंबर पहिल्या घटनेत दिला तर काय होतं? एका टेबलावरच्या माणसाने पेटी लिहायला घेतली, त्याला १३७ मिळाला. तेवढ्यात चहा आला. ती नोंद अजून साठवलेली नाही, म्हणून दुसऱ्या टेबलावरच्या माणसालाही १३७ च मिळाला. म्हणून नंबर 'बिफोर अपडेट'मध्ये द्यावा, आणि 'न्यू रेकॉर्ड' आहे का ते तपासून द्यावा, नाहीतर जुनी नोंद दुरुस्त करताना तिचा नंबर बदलेल.

तरीही क्षणभराची फट उरतेच. ती बुजवायला [वर्ष] आणि [क्रम] या जोडीवर युनिक इंडेक्स हवाच हवा. सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. इंडेक्स असेल तर दुसरी १३७ साठवतानाच अडते, त्रुटी क्रमांक ३०२२ येतो, पुन्हा साठवलं की सूत्र पुन्हा चालून १३८ मिळतो. इंडेक्स नसेल तर दोन्ही १३७ मुकाट्याने आत जातात, आणि भांडण मे महिन्यात, पट्टी आल्यावर होतं.

पुढची ती शून्यं का लावायची, हेही सांगतो. बनवलेला नंबर हा मजकूर आहे आणि मजकूर डावीकडून अक्षर-अक्षर लावला जातो. शून्यं नसतील तर १, १०, १००, २ अशी रांग लागते. आपल्या गाड्यांवरचा एमएच-०८ घ्या. त्यातला ०८ कोणी संख्या म्हणून साठवला तर उरतो ८. गुणाकार-बेरीज ज्याची कधी करणार नाही ते मजकूर म्हणून साठवावं. गाडीचा नंबर, फोन नंबर, पिन, सगळे मजकूरच.

पाच आकडे संपले तर? फॉरमॅट फंक्शन आकडा कापत नाही, १,००,००० आला तर सहा आकडे छापतं. रांग थोडी विस्कटेल, पण नंबर वेगळे राहतील. बेसमध्ये मात्र लोक एक युक्ती वापरतात. डावीकडे शून्यं चिकटवायची आणि उजवीकडची पाच अक्षरं घ्यायची. दिसायला छान, पण १,००,००१ ची उजवीकडची पाच अक्षरं ००००१ होतात. म्हणजे पहिल्या पेटीचा नंबर पुन्हा. परिवहन खात्याने चार आकड्यांची सोय कशी केली बघा, ९९९९ झाले की मधलं अक्षर बदलतं. मर्यादा आधीच ठरवलेली आहे आणि ती आल्यावर काय करायचं तेही ठरलेलं आहे.

आता जरा आवडीचा भाग. नंबर मशीनमध्ये बरोबर असला तरी गोदामात तो तोंडी सांगितला जातो, फोनवर सांगितला जातो, आणि आपण तो मराठीत सांगतो. मराठीत ३७ म्हणजे सदतीस. सात आधी, तीस नंतर. कान 'सात' ऐकतो आणि घाईत हात आधी सात लिहितो. सदतीसचे झाले त्र्याहत्तर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. त्या वादात आम्ही पडत नाही, पण त्यामागची अडचण खरी आहे आणि ती गोदामात रोज दिसते.

यावर जुना उपाय आहे, तपासणी अंक. २५-००१३७ घ्या. उजवीकडून प्रत्येक आकड्याला २, ३, ४ असं गुणत जा. सात दुणे चौदा, तीन त्रिक नऊ, एक चोक चार, दोन शून्यांचं शून्य, मग वर्षातले पाच साते पस्तीस आणि दोन आठे सोळा. बेरीज ७८. अकराने भागा, बाकी १. तो १ शेवटी लावा, २५-००१३७-१. आता कोणी ३७ चे ७३ करून २५-००१७३-१ टाइप केलं, तर बेरीज ८२ येते, बाकी ५. मशीन तिथेच थांबवतं. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल किंवा एखादाच आकडा चुकणं, या दोन्ही चुका ही पद्धत हमखास पकडते. बाकी १० आली तर तो क्रम सोडून द्यावा. पेटीच्या मालिकेत भोक चालतं, हे आपण आधीच ठरवलं आहे. पुस्तकांच्या जुन्या दहा आकडी आयएसबीएनची जातकुळी हीच. तिथे १० साठी रोमन एक्स लावत. २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला आणि गणित बदललं.

आता प्रश्न घेऊ.

एकांनी विचारलं, एवढं सगळं एक्सेलमध्ये का करू नये? करावं ना, पेट्या पन्नास असतील तर. पण एक्सेलला आपल्या नंबरांची कदर नाही. टेक्स्ट फाइल उघडली की ते ००१३७ चा १३७ करतं, ३-१२ ची तारीख करतं, आणि पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य करून टाकतं. जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने तर २०२० मध्ये हात टेकले. 'मार्च १', 'सेप्ट १' अशा जनुकनामांच्या एक्सेल तारखा करत होतं, म्हणून त्यांनी नावंच बदलली. तुम्हाला पेटीचं नाव बदलायची वेळ येऊ नये.

नंबर देवनागरीत ठेवता येईल का, असं मागच्या रांगेतून विचारलं आहे. लेबलावर छापताना जरूर ठेवा, शोभूनही दिसेल. पण साठवताना नको. मशीनला देवनागरी १ आणि इंग्रजी १ ही दोन निरनिराळी अक्षरं आहेत. एकाने असं, दुसऱ्याने तसं टाइप केलं की शोध निकामी होतो. 'आंबा' आणि 'आम्बा' तोंडाने एकच, मशीनला दोन.

शेवटचा प्रश्न एका वाचनालयात काम करणाऱ्या ताईंचा आहे. त्यांच्याकडे हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवह्या आहेत, त्यांत काही दाखल क्रमांक दोनदा आलेत, काहींना 'अ' लावलाय. ते सगळे नव्याने द्यावेत का? नाही, ताई. रत्नागिरीत वाचनालयाची परंपरा १८२८ पासूनची आहे. असे जुने क्रमांक पुस्तकाच्या पानावर शिक्क्यात असतात, जुन्या वर्गणीदारांच्या नोंदीत असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक जसा दाखल्यावर कायम राहतो, तसाच हा. 'जुना क्रमांक' म्हणून मजकुराचं एक फील्ड करा आणि वहीत जसा आहे तसा, 'अ'सकट, उतरवा. त्या फील्डवर युनिक इंडेक्स लावू नका, कारण दोनदा आलेले आहेतच. आत ऑटोनंबर ठेवा. नव्या खरेदीला वर्ष आणि क्रम अशी नवी मालिका सुरू करा, आणि पुस्तक हातात घेऊन, शिक्का बघून, जुन्या दुहेरी क्रमांकांपुढे एकेक शेरा लिहीत जा. एक पावसाळा जाईल त्यात.